संगणकाच्या गाभ्यातील अडगळ

आजच्या भाषणाचा विषय प्रथम ऐकताना जरा आडवळणाचा वाटेल. संगणकातील बिनतारी यंत्र चालविणारा जो ड्रायव्हर असतो, त्यात फाईल उघडणारा पण कधीच कामास न येणारा कोड साचून राहतो. तो शोधणे आणि काढून टाकणे, असा हा विषय आहे. कोड म्हणजे अंगावर उठते ते कोड नव्हे, हे आरंभीच सांगतो. संगणकाने काय करावे याच्या ज्या लेखी आज्ञा असतात, त्यांना कोड म्हणतात. पेरणी, बाजारभाव आणि हवामान यांच्या शेजारी अशा विषयाला जागा का द्यावी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर सोपे आहे. आज बाजारभाव पाहण्यासाठी जो फोन आपण खिशातून काढतो, तो अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या पोटात लिनक्स नावाचा गाभा चाललेला असतो. आपण ज्याच्या भरवशावर पैसे पाठवतो आणि सातबारा पाहतो, त्याच्या आत काय काय पडलेले आहे हे थोडेबहुत ठाऊक असलेले बरे.

या गाभ्याला इंग्रजीत कर्नेल म्हणतात. शब्द मोठा सुरेख आहे. भुईमुगाची शेंग फोडली की टरफलाच्या आत जो दाणा निघतो, तो कर्नेल. आपण बोटाने चालवतो ती चित्रे आणि अक्षरे म्हणजे टरफल समजा. दाणा आत असतो आणि डोळ्यांना दिसत नाही. लिनक्सचा हा दाणा लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने हेलसिंकी येथे शिकत असताना तयार केला आणि २५ ऑगस्ट १९९१ रोजी त्याची वार्ता जगाला दिली. तेव्हा तो एकट्याच्या आवाक्यातला होता. आज त्याच्या ओळी चार कोटींच्या घरात गेल्या आहेत आणि हजारो माणसे त्यात भर घालतात. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची जी यादी निघते, तिच्यातील पाचशेच्या पाचशे संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतात.

आता या चार कोटी ओळींमधला निम्म्याहून अधिक भाग ड्रायव्हरांनी व्यापलेला आहे. ड्रायव्हर म्हणजे एस.टी.चा ड्रायव्हर नव्हे, पण काम तसेच. छपाईचे यंत्र, कॅमेरा, कळफलक, वायफायचे बिनतारी यंत्र, या प्रत्येकाची बोली निराळी. ती बोली जाणून यंत्राकडून काम करवून घेणारा जो कोडचा भाग, तो त्या यंत्राचा ड्रायव्हर. महत्त्वाची गोष्ट अशी की तो गाभ्याच्या आत राहतो. बाहेरचा एखादा प्रोग्रॅम चुकला तर तो एकटा बंद पडतो. आतला ड्रायव्हर चुकला तर सगळा संगणक कोलमडू शकतो, कारण आतल्या माणसाला कोणी अडवीत नाही.

आमच्या कसबा पेठेतील जुने वाडे ज्यांनी पाहिले असतील त्यांना ही व्यवस्था चटकन कळेल. पुण्यातील ही सर्वांत जुनी वस्ती. ग्रामदैवत कसबा गणपती इथलाच, आणि तांबट आळीतील हातोड्यांचा ठोकाही इथलाच. वाड्याला एक मोठा दरवाजा, त्याच दरवाज्यात वाकून जाण्याची दिंडी, मग ओसरी, मग माजघर, आणि त्याच्याही आत देवघर. परका माणूस ओसरीपर्यंत येई. माजघरात घरचीच माणसे जात, आणि एकदा आत गेलेल्याला कोणी पुन्हा नाव-गाव विचारत नसे. कर्नेल म्हणजे माजघर. तिथे वावरणाऱ्याला कोठीच्या किल्ल्याही हाताशी असतात.

लिनक्समध्येसुद्धा अशी एक ओसरी केलेली आहे. तिचे नाव स्टेजिंग. ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी २००८ साली ती सुरू केली. एखाद्या कंपनीने ड्रायव्हर लिहिलेला आहे, तो चालतो, लोकांना हवा आहे, पण त्याची लिखावट गबाळी आहे, तर त्याला एकदम माजघरात घ्यायचे नाही. ओसरीवर बसवायचे, बरोबर एक टिपण ठेवायचे की यात अमुक अमुक सुधारणा करावयाच्या आहेत, आणि जो कोणी हौशी येईल त्याने त्यातली एकेक करीत जायची. नव्याने शिकणाऱ्या मुलामुलींसाठी ही ओसरी म्हणजे मोठीच सोय झाली. माजघरात कोणी नवख्याला हात लावू देत नाही. इथे लावू देतात, आणि चुकले तर समजावून सांगणारेही भेटतात.

या ओसरीवर तैवानच्या रिअलटेक कंपनीची वायफाय यंत्रे चालविणारे बरेच ड्रायव्हर वर्षानुवर्षे बसलेले होते. त्यांपैकी एक २०१७ साली, लिनक्सच्या ४.१२ या आवृत्तीत आला. त्याच्या यंत्राचे नाव आरटीएल ८७२३ बीएस. स्वस्तातल्या टॅब्लेटमध्ये आणि छोट्या संगणकांत ही चकती असे. एकाच तुकड्यात वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही. मेमरी कार्ड ज्या प्रकारच्या तारांनी जोडतात त्याच प्रकारच्या तारांनी ती जोडलेली असते. किंमत कमी, म्हणून खप मोठा. असे यंत्र आपल्या संगणकात आहे आणि लिनक्स टाकल्यावर वायफाय चालत नाही, ही तक्रार तेव्हा सर्रास ऐकू येई. म्हणून हा ड्रायव्हर ओसरीवर का होईना, पण घेतला, हे योग्यच झाले.

पण घेताना त्याच्याबरोबर काय काय आले! कंपनीचा एकच मूळ कोड असतो आणि त्यातून दहा यंत्रांचे ड्रायव्हर निघतात. अँड्रॉइडसाठी एक, इतर प्रणालींसाठी दुसरा, कारखान्यातल्या चाचणीसाठी तिसरा. सगळ्यांचे कपडे एकाच गाठोड्यात. या यंत्राला फक्त २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर बोलता येते, म्हणजे वायफायच्या पहिल्या चौदा मार्गिकांपलीकडे त्याची मजल नाही. तरीही ड्रायव्हरमध्ये चौदाच्या वरच्या मार्गिकांचा विचार जागोजागी केलेला होता. दुसऱ्या यंत्रांसाठी लिहिलेले तुकडेही तसेच राहिले होते. ओसरीवरच्या टिपणात हे सारे नोंदवून ठेवलेले होते.

या गाठोड्यातली सर्वांत काळजीची वस्तू म्हणजे फाईल उघडणारा कोड. ती काळजी का करावी, हे जरा सावकाशीने सांगतो.

बिनतारी यंत्राला सुरू होताना काही तक्ते लागतात. कोणत्या वेगाला किती शक्तीने लहरी सोडायच्या, यंत्राच्या आतील कोणत्या खणात कोणता आकडा भरायचा, असे ते तक्ते. रिअलटेकच्या या घराण्यातील ड्रायव्हरांमध्ये ते तक्ते मिळवण्याच्या दोन वाटा होत्या. एक, तक्ता ड्रायव्हरच्या पोटातच लिहिलेला. दुसरी, डिस्कवरची एक मजकुराची फाईल उघडून तीतून ओळीओळीने वाचायचा. कारखान्यातल्या अभियंत्याच्या दृष्टीने दुसरी वाट सोयीची, हे कोणीही मान्य करील. आकडा बदलून पाहायचा तर दर वेळी सगळा ड्रायव्हर नव्याने बांधण्यापेक्षा फाईलमधला आकडा बदलणे सोपे. पण तुमच्याआमच्या संगणकावर ती फाईल नसतेच. मग ड्रायव्हर पोटातला तक्ता घेतो आणि काम चालू होते. म्हणजे कारखान्याची सोय संपली तरी ती वाट मात्र घराघरांत पोहोचली.

तुम्ही म्हणाल, फाईल वाचली तर बिघडले कोठे? संगणक दिवसभर फाईलीच तर वाचतो. खरे आहे, पण त्या वाचतो तो बाहेरचा प्रोग्रॅम, आणि तो कोणाच्या तरी नावाने वाचतो. रामरावांच्या नावाने चाललेला प्रोग्रॅम रामरावांना मुभा असलेल्याच फाईली उघडू शकतो. गाभ्यातला ड्रायव्हर फाईल उघडतो तेव्हा ती कोणाच्या नावाने उघडली म्हणायची? शिवाय यंत्र सुरू होताना डिस्क अजून जोडलीच गेली नसेल तर? आणि एकाच संगणकावर हल्ली निरनिराळ्या कप्प्यांत निरनिराळ्या प्रणाली चालतात. एका कप्प्यात अमुक पत्त्यावर जी फाईल आहे, ती दुसऱ्या कप्प्यात त्याच पत्त्यावर असेलच असे नाही. मग ड्रायव्हरने कोणत्या कप्प्याचा पत्ता खरा मानायचा? क्रोआ-हार्टमन यांनी २००५ साली लिनक्स जर्नल या मासिकात याच विषयावर लेख लिहिला होता आणि गाभ्यातून फाईल वाचणे हे कधीही करू नये अशा गोष्टींत घातले होते. यंत्राला लागणारा मजकूर मागवण्याची रीतसर वाट गाभ्यात आहे. ड्रायव्हरने फक्त नाव सांगायचे. ठरलेल्या जागेतून वस्तू आणून देण्याचे काम गाभ्याचे. माजघरातल्या माणसाने स्वतः उठून बाजारात जायचे नाही.

यापेक्षाही नाजूक मुद्दा पुढे आहे. बाहेरच्या प्रोग्रॅमने सांगितले की अमुक फाईल वाचून अमुक पत्त्यावर ठेव, तर गाभा आधी पाहतो की तो पत्ता त्या प्रोग्रॅमच्याच मालकीच्या स्मृतीतला आहे ना. नसेल तर नकार. ही चौकी फार मोलाची आहे. ती नसती तर कोणीही गाभ्याच्या स्मृतीवर वाटेल ते लिहवून घेतले असते. आता ड्रायव्हर स्वतःच गाभ्यात बसून हीच वाचण्याची क्रिया वापरू लागला, तर पत्ता गाभ्याचा असल्यामुळे चौकी त्यालाही अडवणार. मग काय करीत? सेट-एफएस नावाची एक क्रिया होती. तिला हाक मारायची, चौकी तात्पुरती उठवायची, वाचून घ्यायचे, आणि चौकी पुन्हा बसवायची. रिअलटेकच्या फाईल उघडणाऱ्या कोडमध्ये हेच केलेले होते. तिच्या नावातला एफएस म्हणजे इंटेलच्या जुन्या ३८६ चकतीतला एक खण. पुढे त्या खणाचा या कामाशी संबंध उरला नाही, पण नाव चिकटून राहिले.

चौकी उठवल्यानंतर आणि पुन्हा बसवण्याआधी मध्येच काही विपरीत घडले तर? हा नुसता तर्क नव्हे. २०१० साली नेल्सन एल्हेज यांनी दाखवून दिले की चौकी उठलेली असताना गाभ्यात बिघाड होऊन चालू प्रोग्रॅम मारला गेला, तर त्याची आवराआवर करताना चौकी उठलेलीच राहते, आणि त्या आवराआवरीत सामान्य वापरकर्त्याने आधी सांगून ठेवलेल्या पत्त्यावर गाभा एक शून्य लिहितो. एक शून्य म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण ते नेमक्या जागी पडले तर सामान्य वापरकर्ता सगळ्या यंत्राचा मालक होऊन बसतो. त्यानंतर ही क्रियाच मुळापासून काढण्याचे काम हाती घेण्यात आले. क्रिस्टोफ हेल्विग यांच्या खटपटीने डिसेंबर २०२० मधील ५.१० या आवृत्तीत आपल्या नेहमीच्या संगणकांपुरती ती गेली, आणि आर्न्ड बर्गमान यांनी उरलेल्या जातींच्या संगणकांतूनही काढल्यावर मे २०२२ च्या ५.१८ या आवृत्तीत तिचे नाव मिटले. एवढ्याशा क्रियेला इतकी वर्षे लागली, कारण तिला हाक मारणारे ठिकठिकाणी विखुरलेले होते. प्रत्येकाकडे जाऊन, बाबा रे, तुला हिची खरोखर गरज आहे का, असे विचारावे लागले. त्यांतल्या कित्येकांना मुळीच नव्हती.

इथे कोणी म्हणेल की जो कोड चालतच नाही त्याचे भय कसले? पडला आहे कोपऱ्यात, राहू द्या. आपल्या घरांतून माळ्यावरचे सामान याच न्यायाने साठत जाते आणि कधी तरी लागेल म्हणून तीन पिढ्या तसेच राहते. मला या न्यायाचा फार राग आहे, आणि कारण गावाकडच्या मंडळींना तरी समजावून सांगायला नको. बोअर मारली, पाणी लागले नाही, यंत्र उचलून नेले आणि भोक तसेच उघडे ठेवले. ती बोअर आता काही काम करीत नाही. पण खेळता खेळता मूल त्यात पडते. २००६ साली हरियाणातला एक लहानगा अशाच बोअरमध्ये पडला आणि सगळा देश दोन दिवस श्वास रोखून बसला होता. सुदैवाने तो वाचला. सगळे वाचले नाहीत. सोडून दिलेल्या बोअरी कशा बुजवाव्यात याचे नियम अखेर सर्वोच्च न्यायालयाला २०१० साली घालून द्यावे लागले.

संगणकाच्या जगातली याच जातीची गोष्ट १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेत घडली. नाइट कॅपिटल नावाची शेअरबाजारात व्यवहार करणारी मोठी कंपनी होती. तिच्या प्रणालीत २००३ पासून न वापरलेला एक कोड तसाच पडून होता. नव्या कामासाठी नवा कोड लिहिला, आणि तो सुरू करण्यासाठी जी खूण वापरली ती नेमकी त्या जुन्या कोडचीच पूर्वीची खूण होती. नवा कोड आठ संगणकांवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहून गेला. सकाळी बाजार उघडला, खूण दिली गेली, आणि आठव्या संगणकावर नऊ वर्षे निजलेला तो कोड जागा होऊन खरेदीविक्री करीत सुटला. सुमारे पाऊण तासात कंपनीचे चाळीस कोटी डॉलरांहून अधिक बुडाले. वर्ष संपण्याच्या आत ती कंपनी दुसऱ्यांच्या हाती जाण्याचे ठरून गेले. न चालणारा कोड हा मेलेला असतो असे आपण म्हणतो, पण तो पुरलेला नसतो.

तेव्हा काढलेच पाहिजे. आता प्रश्न असा की मेलेला आहे हे ओळखायचे कसे. या कामातली खरी कसोटी इथेच आहे. ओळी पुसायला एक मिनिट पुरते. त्या पुसण्याजोग्या आहेत हे ठरवायला कधी कधी आठवडा जातो.

कसब्याला लागूनच शनिवारवाडा आहे. तिथल्या कारंज्यांना आणि शहरातल्या हौदांना पाणी यावे म्हणून नानासाहेब पेशव्यांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्यावर, कात्रजच्या तळ्यापासून जमिनीखालून दगडी नळ आणला होता. पुढे धरणाचे पाणी आले, नवे नळ आले, आणि तो जुना नळ लोक विसरले. अलीकडे इमारतींचे पाये खणताना तो फोडला गेला आहे. फोडताना पाहावे तो त्यातून पाणी वाहते आहे! ज्याला आपण मृत धरून चाललो होतो तो अडीचशे वर्षांनीही वाहता होता. कोड काढणाऱ्याच्या मनात ही धास्ती सदैव असली पाहिजे.

माझ्या एका विद्यार्थ्याने हा अभ्यास करून पाहिला. त्याचे घर तांबट आळीजवळच्या एका जुन्या वाड्यात, दोन खोल्यांचे. मी त्याला लिनक्सची एक जुनी प्रत दिली आणि सांगितले की रिअलटेकच्या या घराण्यातला एक ड्रायव्हर घे, आणि त्यातला फाईलीला हात लावणारा भाग खरोखर कोणाला लागतो का ते मला सिद्ध करून दाखव. तो दुसऱ्याच दिवशी आला.

“सर, झालं. कुणीच वापरत नाही. काढून टाकलं.”

“कशावरून वापरत नाही?”

“मी काढलं तरी कंपायलरनं तक्रार केली नाही.”

मग त्याला खाली बसवून समजावले. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा लेखनिक. त्याची साक्ष मोलाची, पण अपुरी. कारण कोडमध्ये काही तुकडे अटीच्या कुंपणात ठेवलेले असतात: अमुक पर्याय निवडला असेल तरच हा तुकडा वाच. तो पर्याय निवडलेला नसेल तर लेखनिक त्या तुकड्याकडे ढुंकूनही पाहत नाही. त्यात चूक असली तरी तो बोलत नाही, त्याला कोणी हाक मारत असले तरी त्याला ती ऐकू येत नाही. म्हणून आधी पाहायचे की तो पर्याय कोणाला निवडता तरी येतो का. लिनक्समध्ये सर्व पर्यायांची यादी ठरलेल्या फाईलींत असते. त्या यादीत पर्यायाचे नावच नसेल आणि ड्रायव्हरनेही ते कोठे लावून घेतलेले नसेल, तर ते कुंपण कधीच उघडणार नाही.

मुलगा परत गेला. या वेळी त्याने सगळ्या प्रतीत एकेका क्रियेचे नाव शोधून काढले आणि कोण कोणाला हाक मारते याचा एक वंशवृक्षच कागदावर काढून आणला. फाईल उघडणारी, वाचणारी आणि मिटणारी अशा तीन क्रिया. त्यांना हाक मारणारी एकच, वरची क्रिया. तिला हाक मारणारी आणखी वरची. असे करीत करीत शेवटी तो अशा ठिकाणी पोहोचला की पुढे कोणीच नव्हते. एकमेकांची साक्ष देणाऱ्या साक्षीदारांची ती टोळी होती. प्रत्येक म्हणतो मी याच्यासाठी आहे, आणि मूळ फिर्यादी कोणीच नाही. फाईलमध्ये लिहिणारी एक क्रिया तर त्या टोळीतही नव्हती. तिचे नाव तिच्या स्वतःच्या घरापलीकडे कोठेच आढळले नाही. तेव्हा मुलाला मौज वाटू लागली. त्याने कुंपणातले तुकडे वेगळे, टोळी वेगळी, ती एकटी क्रिया वेगळी, अशी तीन टिपणे केली आणि तीन निरनिराळ्या वेळी कोड काढला. प्रत्येक वेळी सर्व पर्याय चालू करून पुन्हा बांधून पाहिले. घरात त्याच चकतीचा एक जुना टॅब्लेट होता, त्यावर वायफाय जोडून पाहिले. जोडले गेले.

तीन वेळा का, एकदम का नाही? तर एका वेळी एकच बदल, हा लिनक्सचा दंडक आहे. या बदलाला पॅच म्हणतात, म्हणजे ठिगळ. ठिगळ लावून कापड कमी होते असा हा जगातला एकच प्रकार असावा! प्रत्येक ठिगळाबरोबर एक मजकूर लिहायचा: काय काढले, ते लागत नाही असे कशावरून म्हणतो, आणि खाली आपली सही. ही सही देण्याची पद्धत २००४ साली सुरू झाली. हा बदल देण्याचा मला अधिकार आहे याची ती हमी असते. मग जाणती माणसे तो वाचतात, शंका काढतात, परत पाठवतात. उद्या काही बिघडलेच तर तेवढेच एक ठिगळ उसवता यावे, म्हणून ते लहान ठेवायचे.

आणि उसवता येते, हे फार महत्त्वाचे आहे. टॉरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये गिट नावाचे एक साधन तयार केले. त्यात प्रत्येक बदलाचा इतिहास राहतो: कोणी, केव्हा, का, आणि काढण्यापूर्वी तिथे काय होते. त्यामुळे काढलेला कोड नाहीसा होत नाही. तो दप्तरखान्यात जातो. पुण्याच्या पेशवे दप्तराचे रुमाल ज्यांनी पाहिले असतील त्यांना हा फरक सांगायला नको. जुना कागद दप्तरात असणे वेगळे, आणि तो चालू हुकूम म्हणून कचेरीच्या दारावर चिकटलेला असणे वेगळे. कधी तरी लागेल या सबबीला त्यामुळे जागाच राहत नाही. लागला तर दप्तरातून काढता येतो.

प्रत्यक्षात हे काम माझ्या विद्यार्थ्याच्या आधीच इतरांनी केलेले होते, आणि ते त्याला त्या इतिहासातच सापडले. २०२१ साली या ८७२३ बीएस ड्रायव्हरमधून कधीही न उघडणाऱ्या कुंपणांतले तुकडे एकामागून एक, शिस्तीने काढले गेले. मुलगा जरा हिरमुसला. मी त्याला सांगितले की तुझी आणि त्यांची टिपणे शेजारी ठेवून वाच. त्याने वाचली आणि त्याच्या लक्षात आले की त्यांनी कारण दोन ओळींत सांगितले होते, याला एक पान लागले होते.

शिक्षक बंधुभगिनींसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हा सारा कोड आणि त्याचा इतिहास कोणालाही फुकट पाहता येतो. शाळेत एखादा जुना संगणक आणि बरे इंटरनेट असेल, तर आठवी-नववीच्या मुलांनाही एखाद्या क्रियेचे नाव शोधून तिला कोण कोण हाक मारते याचा वृक्ष काढता येईल. त्यासाठी कोड लिहिता येण्याची गरज नाही, चिकाटीने वाचता आले म्हणजे झाले. इंग्रजीची अडचण येते, पण त्यातले शब्द मोजके आहेत आणि पुन्हा पुन्हा येतात. व्याकरणात कर्ता, कर्म, क्रियापद शोधण्याची ज्यांना सवय आहे त्यांना हे जड जाऊ नये.

या ओसरीवरच्या ड्रायव्हरांचे पुढे काय झाले, तेही सांगतो. ८७२३ बीएसच्या टिपणातली कामे एकेक करून पुरी होत गेली तरी तो अनेक वर्षे ओसरीवरच राहिला. चौदाच्या वरच्या मार्गिकांचे अवशेष चिवट निघाले. त्याच घराण्यातला दुसरा एक, आर ८१८८ ईयू नावाचा, यूएसबीच्या छोट्या वायफाय काड्या चालवीत असे. त्याच्यावर कित्येक हातांनी मेहनत घेतली, शेकडो ठिगळांनी त्याचा आकार घटवला. दरम्यान माजघरात पहिल्यापासून नीट लिहिलेला दुसरा एक ड्रायव्हर त्याच काड्या ओळखू लागला. मग २०२३ साली तो ओसरीवरचा ड्रायव्हर सगळाच्या सगळा काढून टाकण्यात आला. त्या काड्या आजही चालतात. ज्यांच्या घरी आहेत त्यांना काही बदलल्याचे कळलेही नसेल.